मदत हवी आहे: बायको ओ निगेटिव्ह, अँटी-डी घ्यायचं का?

राजारामपुरी_७:
उद्या ११ ला इंजेक्शन आहे, आज रात्रीच उत्तर हवंय. बायकोला २८ वा आठवडा, ग्रुप ओ निगेटिव्ह. अँटी-डी ३०० मायक्रोग्रॅम लिहून दिलंय. गर्दीत धड विचारता आलं नाही, 'अँटिजेन' एवढंच कानावर पडलं. अँटिजेन म्हणजे जंतू ना? तिला तर कसलाच आजार नाही. आई म्हणते पोटुशी बाईला असलं काही टोचू नये.

रंकाळ्याचा_वारा:
तुमचा ग्रुप कुठला?

तांबडा_पांढरा:
भावा, आधी हिमोग्लोबिन बघ. बहिणीला रोज बीट दिलं, फरक पडला.

शाहूपुरीची_बायो:
हिमोग्लोबिन कुणी विचारलंय?
अँटिजेन म्हणजे जंतूच असं नाही. शरीर ज्याला परकं समजून अँटिबॉडी, म्हणजे त्याला चिकटणारी प्रथिनं, करतं ते काहीही: जंतूवरचं प्रथिन, शेंगदाण्यातलं, दुसऱ्याच्या रक्तपेशीवरचं. पॉझिटिव्ह माणसाच्या लाल पेशींवर डी अँटिजेन असतो, तुमच्या बायकोच्या नाही. बाळ पॉझिटिव्ह असलं आणि त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळलं, की तिच्या बी पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) डी विरुद्ध अँटिबॉडी करतात आणि ती ओळख वर्षानुवर्षं धरून ठेवतात. पहिलं बाळ बहुधा सुटतं. पुढच्या खेपेला त्याच अँटिबॉडी वारेतून जाऊन बाळाच्या लाल पेशी फोडतात. अँटी-डी म्हणजे हीच डी विरुद्धची अँटिबॉडी; इंजेक्शनातली तयार अँटी-डी आईच्या शरीराला पत्ता लागायच्या आत त्या पेशी काढून टाकते. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांत पुन्हा घ्यायचं.

तांबडा_पांढरा:
आमच्या आज्जीची आठ बाळंतपणं झाली, कुठलं इंजेक्शन नव्हतं.

रंकाळ्याचा_वारा:
आज्जी पॉझिटिव्ह असणार. बहुतेक जण असतात.

गुजरी_गल्ली:
ओ लिहिलंय तर बॉम्बे ग्रुप नाही ना बघा. १९५२ साली डॉ. भेंडे यांनी मुंबईत शोधला. त्यात ओ पेशींवर असतो तो एच अँटिजेनच नसतो, ओ रक्तसुद्धा चालत नाही.

शाहूपुरीची_बायो:
तो वेगळा विषय, वेगळा धागा काढा. राजारामपुरी, आयसीटी (आईच्या रक्तात अशा अँटिबॉडी आधीच आहेत का ते बघणारी तपासणी) केलीय का? आधी गर्भपात? अँटी-डी आधीच तयार झाली असेल तर इंजेक्शनचा उपयोग नाही.

राजारामपुरी_७:
माझा बी पॉझिटिव्ह. गेल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात पडलं होतं. घरात तो विषय कुणी काढत नाही, म्हणून लिहिलं नाही. तेव्हा दुसऱ्या दवाखान्यात पिशवी साफ केली, पण ग्रुपसुद्धा कुणी विचारला नाही. आयसीटी कुठं असते?

शाहूपुरीची_बायो:
फाईलमध्ये 'इनडायरेक्ट कूम्ब्स' बघा. आणि गेल्या वर्षीचं उद्या डॉक्टरांना सांगाच.

राजारामपुरी_७:
सापडली! सोनोग्राफीच्या मागं पिन मारून होती. निगेटिव्ह, तारीख परवाची. आईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते, मेडिकलमधून बर्फात घालून आण.

रंकाळ्याचा_वारा:
बर्फाला थेट चिकटवू नका, गोठलं तर वाया जातं. टॉवेलात गुंडाळून डब्यात ठेवा.