रूट कॅनलचा एक्स-रे ॲपमधून क्लिअर केला तर काळी रेघ दिसतेय, खरी की कशी?

फोंडेकरीण:
नमस्कार मंडळी, जरा घाबरून लिहितेय. वरची डावीकडची मोठी दाढ, रूट कॅनल होऊन पंधरा दिवस झाले, डॉक्टर म्हणाले तीन नळ्या भरल्या, कॅप तेवढी बसायचीय. चवथीच्या आधी उरकूया म्हणून घाई केली आणि आता नेवरी (आमची करंजी) चावली तरी कळ थेट कानापर्यंत जाते. क्लिनिकवाल्यांनी व्हॉट्सॲपवर एक्स-रे पाठवला होता, तो अगदीच धुरकट, काही कळेना, म्हणून भावाने जुने फोटो एचडी करतात त्या ॲपमध्ये घातला. तर आता नळीतल्या पांढऱ्या भरणाच्या दोन्ही बाजूंनी वरपासून खालपर्यंत काळी बारीक रेघ दिसतेय, पेनाने मारल्यासारखी! म्हणजे मध्ये फट राहिलीय का? आणि डॉक्टर स्वतः कॉम्प्युटरवर तोच एक्स-रे कधी उलटा काळा-पांढरा करत होते, कधी रंगीत करत होते, हे मी डोळ्यांनी बघितलं. मग आम्ही केलं तर बिघडलं कुठे?

चिंचेचं_झाड:
त्याच ॲपमध्ये मी आमच्या आजोबांचा पोर्तुगीज काळातला फोटो घातला होता. आजोबा फोटोत हसतायत आणि तोंडात एक दात नाही. ॲपने अख्खी कवळी बसवून दिली हो, फुकट! तेव्हा त्या रेघेवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच बघा.

दाढवाला_डिचोली:
ताई, मी दातांचाच डॉक्टर आहे, तुमचा एक्स-रे बघितला नाही म्हणून निदान करत नाही, पण त्या रेघेबद्दल सांगतो. शार्पन लावला की सॉफ्टवेअर कडा शोधतं आणि कडेच्या पांढऱ्या बाजूला आणखी पांढरं, काळ्या बाजूला आणखी काळं करतं. नळीत भरतो ते गटापर्चा एक्स-रेत पांढरंशुभ्र दिसतं आणि त्याला लागून दाताचा करडा भाग, म्हणजे फरक आधीच मोठा, तिथे काळी किनार हमखास उमटते. नवीन डॉक्टरसुद्धा यात फसतात, भरणाच्या खाली कीड आहे समजून चांगलं भरण उकरून काढलेलं मी बघितलंय. रेघ दोन्ही बाजूंना सारख्याच जाडीची आणि अगदी टोकापर्यंत असेल तर फिल्टरची शक्यता जास्त, खरी फट इतकी शिस्तीत नसते.

पण चावताना दुखतंय ते दुखतंयच, त्याकडे दुर्लक्ष करू नका. भरण उंच राहिलं असेल, नाहीतर चौथी नळी. वरच्या पहिल्या दाढेला गालाकडच्या पुढच्या मुळात बऱ्याचदा दुसरी बारीक नळी असते, तिला आम्ही एमबी-टू म्हणतो. समोरून घेतलेल्या एक्स-रेत ती पहिलीच्या मागे लपते, वर गालाच्या हाडाची सावली पडते ती वेगळीच. तिथे बटणं दाबून काही होत नाही. एक्स-रे मशीनची ट्यूब बाजूला साधारण २० अंश सरकवून दुसरा एक्स-रे घ्यायला सांगा.

पिक्सेल_पणजी:
डॉक्टरांच्या बोलण्याला माझी थोडी जोड, मी इमेजिंग सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सेन्सरमधून येतो तो एक्स-रे बऱ्याचदा १२ बिटचा असतो म्हणजे करड्या रंगाच्या ४०९६ छटा, व्हॉट्सॲपवर आला की जेपीईजी होऊन २५६ उरतात, वर चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून बारीकसारीक तपशील टाकून दिलेला असतो. गेलं ते गेलं. क्लिनिकमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवतात तेव्हा त्या ४०९६ छटांमधल्या डोळ्याला न दिसणाऱ्या छटा ताणून समोर आणतात, माहिती आत असतेच. तुमच्या भावाचं ॲप हजारो चेहरे-झाडं बघून शिकलेलं, जिथे माहिती नाही तिथे ते अंदाजाने भरतं, आजोबांची कवळी त्यातलीच. आणि खरं सांगू का, क्लिनिकमधली रंगीत करायची आणि उठावाची बटणं पण पेशंटला दाखवायलाच जास्त, डॉक्टर रागावू नका 😄

फोंडेकरीण:
म्हणजे त्या बटणांचा उपयोग शून्य?

दाढवाला_डिचोली:
रागावत नाही, रंगीत बटण मी स्वतः वर्षानुवर्षं दाबलेलं नाही. पण शून्य नाही हो. नळीची लांबी मोजायला आत फाइल, म्हणजे नळी साफ करायची सुईसारखी बारीक कानस, घालून एक्स-रे काढतो, १८९९ मध्ये एडमंड केल्स यांनी शिशाची तार घालून हेच केलं होतं. आता १० नंबरच्या फाइलचं टोक म्हणजे ०.१० मिलिमीटर, ते वरच्या दाढेत हाडाच्या सावलीत विरघळून जातं. तिथे कॉन्ट्रास्ट आणि थोडा शार्पन लावला की टोक कुठे थांबलंय ते कळतं, अर्धा-एक मिलिमीटरचा हिशोब असतो तिथे. वर अपेक्स लोकेटरने, म्हणजे मुळाचं टोक कुठे आहे ते सांगणाऱ्या यंत्राने, पडताळायचंच. बांबोळीला डेंटल कॉलेजात शिकत होतो तेव्हा फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवून ओलीच दिव्यासमोर धरायचो, काळी आली तर पेशंटला परत बसवा. आता तो त्रास गेला, रेडिएशनही कमी लागतं. माझा नियम एकच, आधी मूळ चित्र, मग फिल्टर, आणि फिल्टरमध्ये दिसलेलं मूळ चित्रात पुसटसुद्धा दिसत नसेल तर त्यावरून दाढ उघडायची नाही.

फोंडेकरीण:
अपडेट देते. काल गेले होते. फोनवरचं चित्र दाखवलं तर डॉक्टर आधी थोडे चिडले, मग खुर्ची वळवून स्क्रीन माझ्याकडे केला आणि मूळ एक्स-रेवर शार्पन चालू-बंद, चालू-बंद करून दाखवलं. चालू केलं की रेघ येते, बंद केलं की गायब! मला हसूच आलं. मग मीच विचारलं, तिरका एक्स-रे काढता का, ते गप्प झाले आणि काढला. आता त्या पुढच्या मुळात पांढरी रेघ मधोमध नाही, एका बाजूला सरकलेली दिसते, डॉक्टर म्हणाले भरण मुळाच्या मध्यावर नसेल तर शेजारी आणखी नळी असण्याचा संशय येतो. गंमत म्हणजे हे बघायला फिल्टरही लागला नाही, मलासुद्धा दिसलं. मंगळवारी मायक्रोस्कोपखाली उघडणार, पैसे घेणार नाही म्हणाले.

चिंचेचं_झाड:
मंगळवारपर्यंत उजवीकडून चावा, नेवऱ्या उरल्या असतील तर फोंड्याहून इकडे पाठवा.