सल्ला हवा: बहिणीचं लग्न बेळगावात, वऱ्हाड गडहिंग्लजचं, मी पुण्यात. फोनवरून काय काय सांभाळता येईल?

वडगावकर

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. याद्या झाल्या, सुपारी फुटली, तारीख डिसेंबरातली निघाली. आम्ही बेळगाव-वडगावचे, पाव्हणे गडहिंग्लजचे, लग्न बेळगावातल्या कार्यालयात. मी नोकरीला पुण्यात. घरी आई, आप्पा आणि काका. धावपळीला चुलतभाऊ आहेत, पण आप्पांची वही वेगळी, काकांची वेगळी, आणि मला फोनवर तिसराच आकडा कळतो. मंडपवाल्याला उचल किती दिली यावरून घरात कुरबूर सुरू झाली आहे.

लग्नाच्या तयारीची ॲप बघितली. त्यांत हळद, देवक, मानपान, बस्ता कशालाच जागा नाही. म्हणून आपल्या भागातल्या लोकांना विचारतो: पाहुण्यांची यादी, हिशोब, पत्रिका (आईचं माहेर गोकाककडचं, त्यामुळे कन्नडही हवं), वऱ्हाडाच्या गाड्या, परगावच्यांसाठी लाइव्ह आणि लग्नाची नोंदणी, यासाठी तुम्ही काय वापरलं? आप्पांना कळेल असं हवं. सगळं माझ्याच फोनमध्ये अडकून पडलं तर उपयोग नाही.

निपाणीची वैनी

अभिनंदन! ॲपच्या नादी लागू नका, गूगल शीट पुरे. माझ्या नणंदेच्या लग्नात सगळा कारभार त्यावरच चालला.

पहिलं पान पाहुण्यांचं. एक ओळ म्हणजे एक घर. रकाने असे: गाव, घर कुणाचं, फोन, आवतण चूलबंद (सगळ्या घराला) की घरटी एक, हळदीला किती, अक्षताला किती, मुक्काम आहे का, पत्रिका हातात की फोनवर, मानाचं काही द्यायचंय का. उदाहरण देते: "उचगाव, आईच्या मावसबहिणीचं घर, चूलबंद, हळदीला २, अक्षताला ७, पत्रिका हातात, मानाची साडी १." बास. ही एक ओळ वाचून घरातल्या कुणालाही कळतं की त्या घराचं काय करायचंय. चूलबंद की घरटी हा रकाना मात्र वडीलधाऱ्यांना समोर बसवूनच भरा. आपल्याकडं रुसवेफुगवे तिथंच होतात आणि वर्षानुवर्षं टिकतात.

दुसरं पान पैशाचं. काम, ठरलेली रक्कम, उचल, तारीख, कुणाच्या हातून दिली, बाकी. बाकीचा आकडा शीट आपोआप काढते. पावतीचा फोटो ड्राइव्हवर टाकून त्याची लिंक त्याच ओळीत ठेवा. शीट चुलतभावांना बदलता येईल अशी द्या, बाकीच्यांना फक्त बघता येईल अशी. कुणी कधी काय बदललं ते व्हर्जन हिस्टरीत दिसतं, त्यामुळे "मी नाही खोडलं" हा प्रश्नच मिटतो.

आणि दर रविवारी दोन्ही पानं छापून घरात भिंतीला लावा. आप्पा पेनानं खुणा करतील, भाऊ त्या शीटमध्ये भरतील. आमच्या सासऱ्यांनी स्मार्टफोन हातात धरला नाही, तरी सगळ्यात पक्का हिशोब त्यांचाच होता.

मच्छे केटरिंग

वैनींनी बरोबर सांगितलंय. माझा धंदाच हा, म्हणून एक जास्तीचं सांगतो बघा. काही लोक आता गूगल फॉर्म पाठवतात, "येणार का, किती जण". पुण्या-मुंबईच्या दोस्तमंडळींना ते चालतंय. गावाकडं फॉर्म पाठवू नका. एकतर कुणी भरत नाही, भरलं तर सगळे "येणार" लिहितात, आणि म्हातारी माणसं म्हणतात, आम्हाला अर्ज भरायला लावला. आवतण द्यायला गेलं की बोलता बोलता अंदाज घ्यायचा आणि गाडीत बसल्यावर शीटमध्ये आकडा टाकायचा.

आचाऱ्याला एकच बेरीज देऊ नका. हळदीची पानं वेगळी, अक्षताची वेगळी, मुक्कामाच्या लोकांचा सकाळचा नाष्टा वेगळा. तीन आकडे तीन ओळींत. अक्षताला जवळच्या गावांतली माणसं घरटी एक म्हटलं तरी दोन येतात, लांबची चूलबंद म्हटलं तरी निम्मी येतात. म्हणून गावाच्या रकान्याप्रमाणे शीट क्रमानं लावून घ्या, गाववार बेरीज काढा आणि त्या गावातल्या एका जाणत्या माणसाला फोन करून विचारा. लग्नाच्या दोन दिवस आधीचा तो फोन कुठल्याही फॉर्मपेक्षा खरा असतोय.

वडगावकर

वैनी, दादा, मनापासून धन्यवाद. शीट आजच करतो. पत्रिकेचं सांगा कुणीतरी. मी कॅनव्हावर मजकूर टाकला तर जोडाक्षरं फुटून दिसतात. आणि छापखान्यात व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवला तर ते म्हणतात परत टाइप करावा लागेल.

शहापूर डीटीपी

दोन्हीचं मूळ फॉन्टमध्ये आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छापखान्यांत अजून जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालतात. तुम्ही फोनवर लिहिता ते युनिकोड. ते त्यांच्याकडं उघडलं की बदलून घ्यावं लागतं आणि त्यात ऱ्ह, र्‍य, ॲ, रफार हमखास घसरतात. "वऱ्हाड", "कुऱ्हाडे", "चिकोर्डे" असले शब्द आणि आडनावं बदलल्यावर एकेक अक्षर बघा. कॅनव्हात जोडाक्षरं फुटतात ती देवनागरी नसलेला फॉन्ट निवडल्यामुळे. मुक्ता, बालू २, तिरो देवनागरी मराठी यांतला एक निवडा, तिन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत.

तुमच्या दोन भाषांच्या पत्रिकेसाठी खास सांगण्यासारखं म्हणजे बालू या कुटुंबात कन्नडसाठी बालू तम्मा २ आहे. दोन्ही अक्षरं एकाच हातानं काढल्यासारखी दिसतात, जाडी जुळते. नाहीतर मराठी बारीक आणि कन्नड ठळक अशी पत्रिका निघते आणि कुठल्यातरी बाजूच्या पाहुण्यांना ते खटकतंच. कन्नड मजकूर मात्र गूगल ट्रान्सलेटवर सोडू नका. नात्यांची नावं, "यांची ज्येष्ठ कन्या", "कै.", "चि. सौ. कां." यांत ते गडबडतं. आईच्या माहेरच्या कुणाकडून लिहून घ्या, त्यांनाही मान मिळतो.

पक्कं झालेलं डिझाइन पीडीएफ करून छापखान्याला द्या, म्हणजे पुन्हा टाइप करायची भानगडच नाही. कार्यालयाच्या लोकेशनचा क्यूआर कोपऱ्यात टाका आणि छापण्याआधी दोन वेगळ्या फोनवरून स्कॅन करून बघा.

आणखी एक, हे फार महत्त्वाचं. व्हॉट्सॲपवर पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणूनच पाठवा. लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके (फोनमध्ये ॲप बसवणारी) फाइल पाठवून फोनचा ताबा घेण्याचे आणि खात्यातले पैसे उडवण्याचे प्रकार देशभर झाले आहेत. घरच्यांना सांगून ठेवा: नावाच्या शेवटी एपीके असलेली पत्रिका उघडायची नाही, मग ती ओळखीच्या नंबरवरून आलेली का असेना. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आजरेकर

बाकी सगळं पटलं, पण पत्रिका व्हॉट्सॲपवर टाकून मोकळं होऊ नका. देवाला पहिली पत्रिका, मग मामा, आत्या, भावकी, शेजार, हे हातातच. फोन रस्ता आखायला वापरा. शीट गाववार लावली आहेच, मग गूगल मॅपमध्ये एका दिवसाचे थांबे घाला: हिंडलगा, सुळगा, उचगाव, बाची, शिनोळी ही एक फेरी आणि तशीच पुढं चंदगडपर्यंत. पिरनवाडी, मच्छे, खानापूर ही दुसरी. उलटसुलट फिरण्यात पेट्रोल आणि दिवस दोन्ही जातात.

ज्यांना फोनवरच पाठवायची, त्यांना ब्रॉडकास्टनं पाठवताना लक्षात ठेवा: एका यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर साठवलेला नाही त्यांना ते जातच नाही. आप्पांचा नंबर सगळ्या गावाकडं असणार, तुमचा पुण्याचा नसेल. तेव्हा आप्पांच्याच फोनवरून पाठवा. सोबत त्यांच्या आवाजात अर्ध्या मिनिटाचं आवतण रेकॉर्ड करून जोडा. आमच्याकडं तसं केलं, लोकांनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं.

निपाणीची वैनी

आवाजाची कल्पना फार आवडली, आजरेकर भाऊ.

गाड्यांचं आणि मुक्कामाचं मी सांगते. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन असतं. अधिकारी, पोलीस, पत्रकार सगळे बेळगावात, तेव्हा लॉज भरलेले आणि भाडी चढलेली. तारीख त्या आठवड्यांत येत असेल तर खोल्या आत्ताच ऑनलाइन धरा आणि रद्द केली तर पैसे परत मिळणाऱ्या घ्या. शिवाय त्याच सुमारास सीमाप्रश्नाचं वातावरण तापतं. वाद पेटला की दोन्हीकडच्या एसट्या सीमेवर थांबतात, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. वऱ्हाड एसटीच्या भरवशावर ठेवू नका.

पाव्हण्यांची भाड्याची गाडी महाराष्ट्राची असेल तर परवाना विचारा. अखिल भारतीय पर्यटक परवाना असला तर प्रश्न नाही, नसेल तर कर्नाटकात येण्याचा कर परिवहनच्या संकेतस्थळावर आधीच भरता येतो. वऱ्हाडाची गाडी नाक्यावर अडली आणि मुहूर्त पुढं गेला, हे ऐकायला नको. चालकांचा एक छोटा ग्रुप करा आणि प्रत्येक गाडीतल्या एकानं लाइव्ह लोकेशन चालू ठेवावं. दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या बायकांना गाडी कुठवर आली ते कळतं.

खानापूर, गोकाककडच्या बायका एकेकट्या येणार असतील तर शक्ती योजनेत बस फुकट आहे, आधार जवळ ठेवायला सांगा. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट. दोन्ही सवलती आपापल्या राज्यापुरत्या, हे मात्र आधी सांगा, नाहीतर कंडक्टरशी वाद होतो.

जांबोटीकर

लाइव्हबद्दल. फोनवरून यूट्यूब लाइव्ह करायचं तर चॅनलला किमान ५० सदस्य लागतात, आणि पहिल्यांदा सोय चालू करायला २४ तासांपर्यंत वेळ जातो. ऐनवेळी मांडवात बसून हे होत नाही. चॅनल आत्ताच उघडा, भावकीला सदस्य व्हायला लावा, एकदा घरातून चाचणी घ्या. लिंक "अनलिस्टेड" ठेवा. मागं सिनेमाची गाणी लावली तर प्रक्षेपण मध्येच बंद पडू शकतं, तेव्हा मंगलाष्टकांच्या वेळी फक्त सनई. कार्यालयाच्या आत रेंज कशी आहे ते लग्नाच्याच वेळेला जाऊन बघा. रिकाम्या हॉलमध्ये नेट पळतं, तिथं माणसं भरली की बसतं.

टिळकवाडीची वकीलताई

नोंदणीचं मी सांगते, कारण मुलगी कर्नाटकची आणि मुलगा महाराष्ट्राचा असला की लोक विनाकारण घाबरतात. लग्न बेळगावात लागतंय, तर नोंदणी इथंच करा. २०२४ पासून कर्नाटकात हिंदू विवाहाची नोंदणी कावेरी २.० या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या करता येते. आधारची पडताळणी, पत्रिका आणि लग्नाचा व्हिडिओ लागतो. म्हणून फोटोग्राफरला आधीच सांगा की हार घालताना आणि मंगळसूत्र बांधताना दोघांचे चेहरे स्पष्ट दिसतील असा छोटा तुकडा वेगळा काढून दे.

दोघांची आधारवरची नावं आत्ताच तपासा. मुलीच्या आधारवर वडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं, हे आपल्या भागात घरोघरी आहे. कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं नाव आणि मराठीतून गेलेलं नाव वेगळं होतं. पुढं पासपोर्ट, बँक, रेशनकार्ड सगळं लग्नाच्या नोंदणीच्या दाखल्यावर चालतं, तेव्हा दुरुस्ती लग्नाआधी करून घ्या. आणि आधारच्या प्रती घरच्या ग्रुपवर टाकू नका. ज्याला हवी त्यालाच पाठवा, शक्यतो पहिले आठ आकडे झाकलेली.

वडगावकर

काय बोलू, एवढं सगळं मला एका ठिकाणी कुणी सांगितलं नव्हतं. शीट झाली, काकांनी स्वतः भावकीची पानं भरली. आप्पांचा आवाज रविवारी घरी गेलो की रेकॉर्ड करतो.

दोनच गोष्टी राहिल्या. आहेरासाठी पत्रिकेवर यूपीआयचा क्यूआर टाकावा असं भाऊ म्हणतोय. आणि मंगलाष्टकं एआयकडून लिहून घेतली, ती म्हणताना अडखळायला होतंय.

आजरेकर

पत्रिकेवर पैशाचा क्यूआर नको. आवतण आणि मागणी एका कागदावर शोभत नाही. परगावचं कुणी आपणहून विचारलं तर नंबर द्या. आहेराच्या वहीला नेहमीसारखा घरचा विश्वासू माणूस बसवा, रात्री तीच वही शीटमध्ये उतरवा. उद्या त्यांच्याकडचं कार्य निघालं की बघायला सापडेल. हॉलची बाकी यूपीआयनं द्यायची असेल तर एका दिवसात साधारण १ लाखापर्यंतच जाते, तेव्हा हप्ते पाडा किंवा बँकेतून एनईएफटी करा.

टिळकवाडीची वकीलताई

मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. ओळीला १९ अक्षरं, गण म स ज स त त आणि शेवटी गुरू, बाराव्या अक्षरावर थांबा. एआयनं दिलेली ओळ बोटांवर मोजून बघा, सतरा नाहीतर एकवीस निघतील, आणि लघुगुरू तर कुठेच बसणार नाहीत. त्यातली कल्पना आवडली तर ठेवा, पण ओळी घरातल्या आत्या-मावशीकडून नव्यानं बांधून घ्या. नवरीचं लाडाचं नाव, वडगावची गल्ली, आजीची आठवण त्यांनाच माहीत. तयार झाल्या की मोठ्या अक्षरात छापून म्हणणाऱ्यांच्या हातात द्या. फोनवरून वाचायला सांगू नका, ऐन सावधानला फोन येतो.