आई-बाबांचा शेंगेन व्हिसा सिंगल एन्ट्री आलाय, क्रोएशियातून मोस्तारला जाऊन परत येता येईल का?

ठाणेकर_७
नमस्कार मंडळी, मे महिन्यात आई-बाबांना घेऊन युरोपला चाललोय. मुंबई-म्युनिक विमान, मग ट्रेनने साल्झबर्ग, व्हिएन्ना, तिथून लुब्लियाना आणि ब्लेड लेक, शेवटी क्रोएशियात स्प्लिट, दुब्रोव्हनिक आणि तिथूनच विमानाने परत. मुक्काम ऑस्ट्रियात जास्त म्हणून व्हिसा त्यांच्याकडून काढला. काल पासपोर्ट हातात आले तर माझ्या व्हिसावर मल्टिपल लिहिलंय आणि आई-बाबांच्या स्टिकरवर एन्ट्रीच्या रकान्यात नुसतं १. आता बाबा म्हणतायत की एकच एन्ट्री म्हणजे एकच देश, मग बाकीचे देश कसे करायचे? आणि दुब्रोव्हनिकहून एक दिवस मोस्तारचा तो जुना पूल बघायला जायचं मनात होतं, ते जमेल का? परतीचं तिकीट लंडनमार्गे बरंच स्वस्त दिसतंय, त्याचंही सांगा.

इसारकाठची_ताई
बाबांना सांग बिनधास्त राहा. एन्ट्री म्हणजे देश नव्हे, अख्ख्या शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, बाहेरून किती वेळा शिरता येईल ते. सध्या २९ देश आहेत त्यात, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया आहेतच आणि क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून आलाय. म्युनिकला आत शिरलात की दुब्रोव्हनिकपर्यंत ती एकच एन्ट्री.
पासपोर्ट मात्र हॉटेलच्या तिजोरीत ठेवून फिरू नका हं, झेरॉक्स नाही, ओरिजिनल जवळ हवा. साल्झबर्गहून म्युनिककडे येणाऱ्या गाड्या फ्राइलासिंगला थांबवून पोलीस डब्यात चढतात, मी स्वतः कित्येकदा कार्ड काढून दाखवलंय. तुम्ही उलटे जाताय म्हणून कदाचित कोणी विचारणार नाही, पण ऑस्ट्रियासुद्धा स्लोव्हेनियाच्या हद्दीवर मध्ये मध्ये तपासणी करतं.

भटका_सांगलीकर
मोस्तार विसरा. ते बोस्नियात आहे आणि बोस्निया शेंगेनमध्ये नाही. तिथे शेंगेन व्हिसावर भारतीयांना सोडतात, पण व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा लागतो, म्हणजे तुम्ही जाल आणि आई-बाबा हद्दीवर उभे राहतील. आणि समजा सोडलंच, तर परत क्रोएशियात येणं ही दुसरी एन्ट्री, ती त्यांच्याकडे नाही. कोटोरची ट्रिप कोणी गळ्यात मारली तर तेच, ते माँटेनेग्रोत आणि माँटेनेग्रोही बाहेर.
पण खरी मेख वेगळीच आहे. स्प्लिटहून दुब्रोव्हनिकला रस्त्याने जाताना मध्ये नेउम लागतं, बोस्नियाला समुद्र मिळालेला तेवढाच वीसेक किलोमीटरचा तुकडा, आणि त्यामुळे क्रोएशियाचा खालचा भाग जमिनीवरून तुटलेला आहे. २०२२ च्या जुलैत पेल्येशाट्सचा पूल झाला तेव्हापासून नेउम टाळून जाता येतं, पण सगळ्या बसेस पुलावरूनच जातील असं धरून चालू नका, काही अजून नेउमला चहापाण्याला थांबतात. तिकीट काढायच्या आधी विचारा बस पुलावरून जाते की नेउमवरून. नेउमवरून असेल तर आई-बाबांना घेऊन त्यात बसू नका, झोपेत असताना देश बदलायचा.

पुणेरी_पगडी
एवढं काही नसतं हो, उगाच घाबरवताय. आमचा ग्रुप स्प्लिटहून मोस्तार करून आला, कोणी एन्ट्री मोजत बसलं नाही.

भटका_सांगलीकर
पगडीराव, कधी गेला होतात? २०२३ च्या आधी असेल तर क्रोएशियाच शेंगेनच्या बाहेर होता, तेव्हा हिशोबच निराळा. शिवाय तुमच्या व्हिसावर किती एन्ट्री होत्या ते सांगा की! आता ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस (एन्ट्री-एक्झिट सिस्टिम) सुरू झालंय, शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो, कोण कधी आत आलं कधी बाहेर गेलं सगळं कॉम्प्युटरवर. तिथला अधिकारी चांगल्या मूडमध्ये असेल या भरवशावर सत्तरीच्या माणसांना हद्दीवर नेऊ नये.

इसारकाठची_ताई
+१. अजून एक, स्टिकरवर तारखा आणि दिवस वेगवेगळे असतात ते नीट बघ. पासून-पर्यंतच्या तारखांमध्ये बरेचदा पंधरा दिवस जास्तीचे असतात, विमान पुढे-मागे झालं तर म्हणून, पण राहायचे दिवस खालच्या रकान्यात असतात तेवढेच. उतरल्याचा दिवस आणि निघायचा दिवस दोन्ही धरून मोज.
लंडनचं तिकीट घेऊ नकोस. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही आणि भारतीय पासपोर्टवर तिथे नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, अमेरिका किंवा कॅनडाचा चालू व्हिसा असेल तर सूट मिळते, शेंगेन स्टिकरवर नाही. व्हिएन्ना, फ्रँकफुर्ट, इस्तंबूल बघ.

ठाणेकर_७
बाप रे, नेउमचं तर मला माहीतच नव्हतं, नकाशात रेष दिसली पण लक्ष नाही दिलं. मोस्तार कॅन्सल. बाबा थोडे हिरमुसलेत, पण ब्लेडला एक रात्र वाढवतो म्हटल्यावर गप्प बसले. बसवाल्यांना मेल टाकलाय पुलाचं विचारून. ताई, ब्लेडला रात्र वाढली तरी ऑस्ट्रियाच जास्त राहतं ना?

इसारकाठची_ताई
ते तूच मोज, मुख्य मुक्काम ऑस्ट्रिया म्हणून व्हिसा मिळालाय ना, मग रात्री तिथेच जास्त राहू देत. हॉटेलची नवीन बुकिंग प्रिंट काढून आईच्या पर्समध्ये ठेव, म्युनिकला इमिग्रेशनवर विचारतात.

भटका_सांगलीकर
आणि बसवाल्यांचं उत्तर आलं नाही तर स्प्लिट-दुब्रोव्हनिक कॅटमरान बघा, सीझनमध्ये असते, बोस्नियाचा प्रश्नच नाही. फक्त आईंना बोट लागत असेल तर गोळी आधी द्या.