धर्म तलवारीने पसरले की व्यापाराच्या वाटेने? नागपूरकरांनो, बोला

धंतोलीकर:
आपल्याकडे चार जण धर्माच्या इतिहासावर बोलायला बसले की दहा मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, "सगळं तलवारीच्या जोरावर पसरलं हो." मला हे अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट लिहून राहिलो.

इंडोनेशिया घ्या. २० कोटींच्या वर मुसलमान, आणि अरबांची फौज तिथे कधी गेलीच नाही. गेले ते व्यापारी, गुजरातचे, येमेनकडच्या हद्रामौतचे, दक्षिण भारतातले. मोसमी वारा फिरेपर्यंत महिनोनमहिने बंदरातच अडकून पडायचे, तिथेच लग्नं करायचे, तिथेच मशीद बांधायचे. सुमात्रात पासईला आणि जावात ग्रेसिकला पंधराव्या शतकातल्या काही कबरी आहेत, त्यांचे कोरीव संगमरवरी दगड आपल्या खंबायतहून जहाजाने गेलेले. म्हणजे गुजरातेत बसलेला कारागीर जावातल्या माणसाच्या कबरीवर अरबी अक्षरं कोरून राहिला होता. धर्म कसा फिरतो ते मला तरी त्या दगडात दिसतं.

चीनचंही तेच. इ.स. १४८ मध्ये लुओयांगला बौद्ध ग्रंथ घेऊन आन शिगाओ पोचला, तो होता पार्थियाचा, म्हणजे इराणकडचा. भारतातल्या कोणत्या राजाने चीनवर स्वारी केली होती सांगा? आणि मंगोलांचं तर उलटंच झालं. हुलागूने १२५८ ला बगदाद बेचिराख केलं आणि त्याचाच पणतू गाझान १२९५ ला मुसलमान झाला, म्हणजे जिंकणाऱ्यानेच हरलेल्यांचा धर्म घेतला! वाट आधी, माणसं आधी, राजा नंतर येतो. माझं म्हणणं एवढंच आहे.

सदरचा_मास्तर:
धंतोलीकर भाऊ, मांडलंय छान पण सोयीची उदाहरणं निवडली. वाट तर सगळ्यांनाच होती, मग काही धर्म वाटेतच का संपले? पूर्वेकडचे सीरियन ख्रिस्ती ६३५ ला चीनच्या राजधानीत पोचले, बादशहाने परवानगी दिली, ७८१ मध्ये त्यांनी शिलालेख उभारला, तो शिआनला आजही आहे. धर्म मात्र तिथून पुसला गेला. मनिकेई धर्म बघा, इराणकडच्या मानीने तिसऱ्या शतकात काढलेला, रोमच्या साम्राज्यापासून चीनपर्यंत पोचला, त्याच रेशीम मार्गाने. मध्य आशियातल्या उइगुरांच्या राज्याने आठव्या शतकात तो राजधर्म केला, ते राज्य बुडालं आणि पुढे हा धर्मही जगातून गेला. आज मनिकेई म्हणजे काय ते किती जणांना माहीत आहे?

आता ख्रिस्ती धर्म. ३१३ ला रोमचा बादशहा कॉन्स्टंटाइनने मोकळीक दिली, ३८० ला थिओडोसियसने राजधर्म केला, तिथून तो युरोपचा धर्म झाला. आणि फ्रँकांचा राजा शार्लमेन विसरू नका. आजच्या जर्मनीतल्या सॅक्सन लोकांनी बाप्तिस्मा नाकारला तर मरणाची शिक्षा, असा कायदाच केला होता, आणि ७८२ ला फर्डेनला ४५०० माणसं एका दिवसात मारली, हे त्याच्याच दरबाराच्या बखरीत लिहिलंय. तुमच्या इंडोनेशियातही १५२७ च्या सुमारास जावातल्या डेमाकच्या सुलतानाने माजापहित या हिंदू-बौद्ध राज्याचा शेवट केला तो काय व्यापार करून? बी वाऱ्याने येत असेल, पण कुंपण राजाच घालतो.

कामठी_रोड:
मास्तर, कुंपणाचं कबूल पण आपल्याच गावाकडे बघा ना. इथे स्कॉटिश मिशन १८४० च्या दशकात आलं, स्टीफन हिस्लॉप आले, त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून चालू आहे, १८५४ पासून राज्यही इंग्रजांचं. राज्य होतं, शाळा होती, दवाखाना होता, पैसा होता. तरी नागपूर ख्रिस्ती झालं का? अर्ध्या शहराची पोरं हिस्लॉपमध्ये शिकली, वकील झाली, प्राध्यापक झाली आन् घरी येऊन गणपतीच बसवला. सत्तेने धर्म पसरत असता तर इथेच दिसला असता.

सदरचा_मास्तर:
नाही पटत. इंग्रज सरकारने धर्मासाठी सत्ता वापरलीच नाही, हा तर माझ्याच बाजूचा पुरावा झाला. कंपनी १८१३ पर्यंत मिशनऱ्यांना आपल्या मुलखात धड येऊही देत नव्हती, धंद्यात गडबड नको म्हणून. १८५७ नंतर राणीच्या जाहीरनाम्यात साफ लिहिलं की प्रजेच्या धर्मात आम्ही हात घालणार नाही. जिथे सत्ता वापरली तिथे काय झालं ते गोव्यात बघा, १५६० ते १८१२ इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं कोर्ट. मेक्सिको बघा, १५२१ ला स्पेनवाल्यांच्या हाती राजधानी पडली आणि पुढच्या काही पिढ्यांत जवळपास अख्खा देश कॅथलिक.

धंतोलीकर:
गोवा बरं आठवलं. साडेचारशे वर्षं पोर्तुगीज राहिले, एवढा छळ केला आणि आज गोव्यात ख्रिस्ती साधारण चौथाई. उरलेल्यांनी देव उचलून नदीपलीकडे नेले पण सोडले नाहीत. तलवारीची ताकद एवढीच. आणि केरळात? तिथे ख्रिस्ती लोकांचं राज्य कधीच नव्हतं, तरी पोर्तुगीज यायच्या कितीतरी शतकं आधीपासून सीरियन ख्रिस्ती तिथे नांदून राहिले होते.

सदरचा_मास्तर:
त्यांना कोल्लमला ८४९ मध्ये ताम्रपट देऊन जमीन आणि हक्क कोणी दिले? वेणाडच्या राजानेच ना? संरक्षण राजाचंच होतं, राजा दुसऱ्या धर्माचा होता एवढंच.

इंदोऱ्याची_लेक:
मी बऱ्याच वेळची वाचून राहिली. दादा, तुम्ही दोघंही वरूनच बघता, एकाला व्यापारी दिसतात, एकाला राजे. ज्याने धर्म घेतला तो माणूस कुठे आहे तुमच्या बोलण्यात? त्याने का घेतला?

१४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या नागपुरात जे झालं त्यात कोणती फौज होती, कोणता व्यापार होता? माझी आजी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची, भंडाऱ्याकडून आली होती, पांढरं लुगडं नेसून. ती सांगायची की घरी परत आल्यावर पहिलं काम काय केलं तर देव्हारा रिकामा केला आणि दुसऱ्या दिवसापासून गावकीची कामं बंद, मेलेली ढोरं ओढणं बंद. पाटलाकडून त्रास झाला, मजुरी बंद झाली, तरी मागे वळले नाहीत लोक. आणि सरकारने काय दिलं? उलट काढून घेतलं! बौद्ध झाले म्हणून अनुसूचित जातीच्या केंद्राच्या सवलती गेल्या, त्या १९९० ला कायदा बदलला तेव्हा परत मिळाल्या. तरीही १९५१ च्या जनगणनेत देशात बौद्ध दोन लाखांच्या आत होते ते १९६१ ला ३२ लाखांच्या वर गेले. हे कशाने झालं ते सांगा. माणसाला माणूस म्हणून उभं राहायचं होतं, म्हणून झालं.

अजून एक. बाबासाहेबांना दीक्षा दिली ती चंद्रमणी महास्थविरांनी, त्यांचा जन्म ब्रह्मदेशातल्या अराकानचा. इथून गेलेला धम्म तिकडच्या भिक्खूंनी शतकानुशतकं सांभाळला आणि तिकडच्याच माणसाच्या हातून आम्हाला परत मिळाला. आपल्या पवनीला वैनगंगेच्या काठी दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्तूपाचे अवशेष आहेत, म्हणजे याच मातीत तो आधी होता आणि इथूनच गेला होता.

कामठी_रोड:
ताई, एक नंबर. सवलतींची गोष्ट मले माहीतच नव्हती.

सदरचा_मास्तर:
ताई, १९५६ बद्दल माझा काहीच वाद नाही, त्या दिवसाबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. पण तुम्हीच म्हणता की धम्म इथून गेला होता. का गेला? विहारांना दान देणारे राजे आणि सावकार आटले, मग नालंदा उद्ध्वस्त झालं, आणि गावात गृहस्थांना धरून ठेवणारी व्यवस्था मागे उरली नाही. श्रीलंकेत आणि ब्रह्मदेशात राजांनी संघ सांभाळला म्हणून तो टिकला. चंद्रमणींपर्यंत पोचला तो त्यामुळेच.

इंदोऱ्याची_लेक:
आणि चीनमध्ये? ८४५ ला तांग बादशहाने ४६०० विहार पाडले, अडीच लाखांच्या वर भिक्खू-भिक्खुणींना संसारात परत ढकललं. धम्म संपला का? नाही संपला. लोकांच्या घरात होता म्हणून राहिला. राजा गेला की धर्म जातो हे पंडितांच्या आणि दरबाराच्या धर्माला लागू, ज्याने लोकांचं रोजचं जगणं बदललं त्याला नाही.

धंतोलीकर:
ताईंच्या मुद्द्याला जोड देतो, कोरिया. तिथे कॅथलिक धर्म मिशनरी यायच्या आधीच सुरू झाला. चिनी भाषेतली जेझुइट नावाच्या कॅथलिक पाद्र्यांची पुस्तकं वाचून तिथल्या विद्वानांनीच ठरवलं, यी सुंग-हुन १७८४ ला बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेऊन आला आणि त्याने परत येऊन बाकीच्यांना दिला. राज्याने १८०१ ला कत्तल केली, १८६६ ला पुन्हा केली. आज दक्षिण कोरियात चौथाईच्या वर लोक ख्रिस्ती आहेत. आफ्रिकेत बेल्जियन काँगोतला सायमन किंबांगू, १९२१ ला काही महिने उपदेश केला म्हणून गोऱ्या ख्रिस्ती सरकारनेच त्याला पकडलं, तीस वर्षं तुरुंगात ठेवलं, १९५१ ला तो तिथेच वारला. त्याच्या चर्चचे आज लाखो अनुयायी आहेत. मास्तर, इथे कुंपण कोणी घातलं?

सदरचा_मास्तर:
कोरिया मान्य, किंबांगू मान्य. पण इजिप्तचं उत्तर द्या. ६४२ पर्यंत अरबांनी तो जिंकला, त्यानंतरही कित्येक शतकं बहुसंख्य लोक ख्रिस्तीच होते, आज कॉप्टिक, म्हणजे तिथले ख्रिस्ती, साधारण दहा टक्के. रोज कोणी तलवार काढत नव्हतं, पण जिझिया होता, सरकारी नोकरी होती, कोर्टात साक्षीची किंमत होती, आणि हे सगळं बापापासून नातवापर्यंत चालू राहिलं. तुम्ही तलवार आणि व्यापार यांतच निवडायला सांगता, मला तर कर वसूल करणारा कारकून या दोघांपेक्षा भारी वाटतो.

इंदोऱ्याची_लेक:
दादा, मग त्याच इजिप्तमध्ये ज्या दहा टक्क्यांनी चौदाशे वर्षं सोडलं नाही त्यांच्याबद्दलही लिहा ना. वाचायला आवडेल.