मदत हवी आहे : एकाच गोट्याची घनता २.५ ते ३.१ कशी येते?

गिरणाकाठ
नववीच्या मुलांकडून घनतेचा प्रयोग करून घेतोय. ॲल्युमिनिअमच्या दंडगोलाचं चोख जमलं: व्हर्निअरने (बारीक लांबी मोजायच्या साधनाने) व्यास २.०० सेमी, उंची ४.०० सेमी, वस्तुमान ३३.९ ग्रॅम, घनता २.७०. अडलंय ते गिरणा नदीच्या पात्रातल्या लांबट काळ्या गोट्यापाशी. वस्तुमान ४३.२ ग्रॅम. १०० मिलीच्या मोजपात्रात ६० मिली पाणी घेऊन तो सोडला, तर पातळी एका गटाला ७४ दिसली, दुसऱ्याला ७५, तिसऱ्याला ७७. घनता आली ३.०९, २.८८ आणि २.५४! शिवाय गोट्यातून बारीक बुडबुडे निघतात. काटा ०.१ ग्रॅमचा आहे.

सराफी_काटा
सर, मोजपात्राची एक रेघ १ मिलीची आणि गोटा जेमतेम १५ मिलीचा. एक रेघ चुकली की उत्तर सहा-सात टक्क्यांनी हलणारच. गोटा धपकन सोडला तर पाणी उडून वर काचेला चिकटतं आणि पातळी कमी भरते. ७४ तिथून आले असावेत. ७७ वाल्यांनी पाण्याच्या खोलगट पृष्ठभागाचा तळ न वाचता काचेवर चढलेली कड वाचली का, ते बघा.

त्यापेक्षा मोजपात्र बाजूलाच ठेवा. काट्यावर पाण्याने अर्धं भरलेलं चंचुपात्र (बीकर) ठेवून आकडा शून्य करा. गोटा नायलॉनच्या बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा हातानेच किंवा स्टँडला टांगून धरा. तळाला, काठाला अजिबात टेकू देऊ नका. टेकला की आकडा एकदम उसळतो. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढं पाणी गोट्याने बाजूला सारलं, म्हणजे जवळपास तेवढेच घन सेंटिमीटर आकारमान. सुती दोरा नको, तो पाणी पितो.

गिरणाकाठ
टांगून पाहिलं. तीनही गटांना १५.६ ते १५.७ ग्रॅम. घनता २.७६ च्या आसपास. पण हा काळा गोटा म्हणजे बेसॉल्ट, आणि त्याची घनता २.८ ते ३.० असते ना?

काळा_पाषाण
गोट्यात पांढरे ठिपके आहेत का? आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये वायूच्या जुन्या पोकळ्या झिओलाइट या पांढरट खनिजाने भरलेल्या सापडतात. ते खनिज बेसॉल्टपेक्षा बरंच हलकं, त्यामुळे २.७६ ही चूक नसून त्या गोट्याची खरी घनता असू शकते.

बुडबुडे म्हणजे उघडी छिद्रं. कोरडं वस्तुमान आधी घ्या, मग कोरडा गोटाच शून्य केलेल्या चंचुपात्रात बुडबुडे थांबेपर्यंत टांगून ठेवा आणि आकडा वाचा: छिद्रं वगळून घनता मिळेल. दुसरीकडे भिजवून आणलात तर छिद्रांतलं पाणीही आकड्यात येईल. छिद्रांसकट हवी असेल तर कोरड्या गोट्यावर मेणबत्तीच्या मेणाचा पातळ थर चढवा, पुन्हा वजन करा, मग टांगा. मेणाची घनता साधारण ०.९; १.८ ग्रॅम मेण चढलं तर आकारमानातून २ घन सेमी वजा करा. गणितात वस्तुमान मात्र मेणाआधीचं. कोणती घनता काढली ते वहीत लिहायला लावा, मुलं तिथेच गोंधळतात.

सराफी_काटा
पाण्याचं तापमानही नोंदवा. ३० अंशांना पाण्याची घनता ०.९९६, ४० ला ०.९९२. वैशाखात सावलीतलं पाणीही कोमट असतं, पण फरक एक टक्क्याच्या आतच. लाकडी ठोकळा असेल तर तो सुईने जेमतेम पाण्याखाली दाबून धरा, आकडा तसाच वाचता येतो.