सातबारा राखायचा म्हणून जर्मन पासपोर्ट नको?

वाळव्याचा कारभारी
सांगली-मिरजेकडची बरीच पोरं ब्लू कार्डावर, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांच्या युरोपीय परवान्यावर, जर्मनीत गेली, त्यांना आता पाच-सात वर्षं होत आली. सुट्टीला गावी आली की पारावर विषय एकच: पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, घ्यायची की थेट नागरिकत्व? माझं म्हणणं, पीआर घ्या आणि तिथंच थांबा. जर्मनीनं २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केलं, पण आपल्या कायद्यात ते नाही. तिकडचं नागरिकत्व स्वीकारलं की भारतीय नागरिकत्व संपलं. हातात उरतं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयाला मिळणारं कार्ड. त्यावर मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. घरची चार एकर द्राक्षबाग असणाऱ्यानं ही भानगड कशाला ओढवून घ्यायची?

पीआर तशी अवघडही नाही. ब्लू कार्डवाल्याला जर्मन भाषेची ए१ (अगदी सुरुवातीची) पातळी असेल तर २७ महिन्यांत, बी१ (मधली) असेल तर २१ महिन्यांत मिळते. फी ११३ युरो. नागरिकत्वाला पाच वर्षं आणि २५५ युरो.

मिरज जंक्शन
कारभारी, शेतजमिनीचा मुद्दा उलटा धरलाय तुम्ही. जमीन विकत घेण्याची बंदी फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली आहे आणि ती फक्त ओसीआयला नाही, भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसालाही तितकीच आहे. पीआर घेऊन म्युनिकला राहणारा पोरगाही पलूसला एक गुंठा शेत खरेदी करू शकत नाही.

वारसानं मात्र दोघांनाही जमीन मिळते. वडिलांच्या पश्चात वारस नोंद होते, फेरफार पडतो, सातबाऱ्यावर नाव लागतं. पासपोर्ट निळा की लाल, यानं तिथं काही बिघडत नाही.

लोक अडकतात ते बक्षीसपत्रात. "मी आहे तोवर पोराच्या नावावर करून टाकतो" म्हणून वडील शेताचं बक्षीसपत्र करतात. नातेवाइकाकडून घर किंवा प्लॉट बक्षीस घेता येतो, शेती, फार्महाऊस आणि मळा घेता येत नाही. दस्त नोंदवलाही जातो, कारण समोरचा अनिवासी आहे का हे कुणी विचारत नाही. पुढं विकायची वेळ आली की वकील कागद चाळतो आणि डोक्याला हात लावतो.

द्राक्षबागाईतदार
हे बरोबर. मतदानाचं मात्र कारभारींचं खरं आहे. भारतीय पासपोर्ट असेल तर फॉर्म ६-अ भरून गावच्या यादीत नाव लागतं. मत द्यायला स्वतः यावं लागतं, मूळ पासपोर्ट घेऊन. फ्रँकफर्टहून तिकीट काढून येणारे किती, ते सोडा.

तासगाव रोड
सगळे जमिनीवर बोलताय, खरी अडचण म्हाताऱ्या आईवडिलांची आहे.

पीआर म्हणजे कायमची, असा समज असतो. नावात कायम आहे, कायद्यात नाही. सलग सहा महिने जर्मनीबाहेर राहिलात की ती आपोआप रद्द होते, नोटीसही येत नाही. गंमत अशी की ब्लू कार्डाला हीच मुदत बारा महिने आहे. म्हणजे बढती घेतली आणि सवलत निम्मी झाली. शिवाय नोकरी सोडली, घर खाली केलं, महापालिकेत नाव काढून आलात, तर तुम्ही कायमचे निघून गेलात असं धरलं जातं आणि सहा महिनेही मोजत नाहीत.

वडिलांना अर्धांगवायू झाला, वर्षभर मिरजेला दवाखान्याच्या फेऱ्या आहेत, अशा वेळी पीआरवाला काय करणार? जर्मन पासपोर्टवाला ओसीआयवर तीन वर्षं गावी राहील आणि परत जाऊन कामाला लागेल. ज्याला गावाची ओढ आहे त्यानंच पासपोर्ट घ्यावा, असं माझं मत आहे. ऐकायला उलटं वाटतं, पण हिशेब तोच आहे.

वाळव्याचा कारभारी
शेतजमिनीचं मान्य, चूक माझी. पण सहा महिन्यांवर तोडगा आहे. जाण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयात, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेत, कारण देऊन मुदत वाढवून मागता येते. जाण्याचं कारण तात्पुरतं असेल तर पीआरवाल्याला ती सहसा देतात. अर्ज निघण्यापूर्वीच केलेला बरा.

दुसरं, पाच वर्षं पुरी झाली की साध्या पीआरऐवजी युरोपीय संघाची दीर्घकालीन परवानगी मागा, दाउअरआउफेंटहाल्ट-ईयू. ती संघाबाहेर बारा महिने टिकते आणि आधी ब्लू कार्ड असेल तर २४ महिने. फी १०९ युरो. साधी पीआर हातात असतानाही ही घेता येते. टेबलापलीकडचा माणूस स्वतःहून सांगत नाही, नाव घेऊन मागावी लागते. दोन वर्षांत दवाखान्याचं काय ते उरकतं.

तासगाव रोड
उरकतं की नाही, हे आजाराला विचारून ठरवता येत नाही ओ. बाकी २४ महिन्यांचं बरोबर आहे, ते मी लिहायला हवं होतं.

विटा नाका
तुमचं चालू द्या. अर्ज कुठं अडतात ते लिहितो, कारण दोन्ही बाजूंना लागणार आहे.

पेन्शनचा उतारा आधी मागवा. रेंटनफरझिशरुंग म्हणजे तिकडचा पेन्शन विमा, पगाराच्या १८.६ टक्के, निम्मा तुमचा, निम्मा कंपनीचा. पीआरचे २१ महिने म्हणजे देशात राहिल्याचे महिने नव्हेत, ब्लू कार्डावर काम करून पेन्शन भरल्याचे महिने. नोकरी बदलताना दोन महिने मोकळे गेले तर ते धरत नाहीत. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि उताऱ्यात मधलेच महिने कोरे निघतात. उतारा ऑनलाइन मागवला की पोस्टानं घरी येतो, पैसे लागत नाहीत.

नव्या नोकरीचे पहिले सहा महिने चाचणीचे असतात. त्या काळात अर्ज केला तर बरीच कार्यालयं "ते संपवून या" म्हणतात. म्हणून आधी पीआर, मग नोकरी बदल. हा क्रम उलटा केला की अर्धं वर्ष गेलं.

घराचं क्षेत्रफळही बघतात. सहा वर्षांवरच्या माणशी १२ चौरस मीटर, त्याखालच्या पोराला १०. नवरा, बायको, आठ वर्षांची मुलगी, म्हणजे ३६. आईवडील व्हिजिटर म्हणून आलेत, ते यात मोजत नाहीत.

भाषेची परीक्षा गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन भाषासंस्थेची द्या. बी१ चे चार भाग वेगवेगळे देता येतात, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. लेखनात गेलात तर तेवढंच पुन्हा. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनातही होते, सुट्टीत उरकता येते. 'लेबेन इन डॉइचलांड' ही तिकडच्या कायदा-समाजाच्या माहितीची दुसरी परीक्षा ३३ प्रश्नांची, फी २५ युरो. पीआरला १५ बरोबर चालतात, नागरिकत्वाला १७. दोनच मार्कांचा फरक आहे, तेव्हा १७ च्या तयारीनंच बसा.

आणि कार्डाची मुदत संपायच्या आत अर्ज टाका. टर्मिन, म्हणजे कार्यालयातली भेटीची वेळ, मिळत नसेल तरी लेखी अर्ज पोचल्याचा पुरावा ठेवा. वेळेत अर्ज असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू धरतात आणि तसं पत्र देतात. ते पत्र हातात नसताना सांगलीचं तिकीट काढू नका.

द्राक्षबागाईतदार
बाळाचं राहिलं. आईबापांपैकी एकाला पाच वर्षं पुरी आणि पीआर हातात, अशा वेळी तिकडं जन्मलेलं बाळ जन्मतःच जर्मन. पीआर महिनाभर उशिरा आली तर नाही. बाळ जर्मन ठरलं तर भारतीय पासपोर्ट काढायचा की जर्मन हे आधी ठरवा, दोन्ही ठेवता येत नाहीत.

मिरज जंक्शन
वारस नोंदीला स्वतः येणं जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या. ते इथं पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरायचं. पोस्टाचं पाकीट फेकू नका, पोचल्याची तारीख त्यावरच असते.