समन्यायी वाहतूक संशोधनाला निधी द्यावा का, आणि द्यायचा तर नेमका कशासाठी?

उत्तरायण

नमस्कार. सार्वजनिक हिताच्या कामांना अनुदान देणाऱ्या एका न्यासाच्या समितीवर मी काम करतो. शहरी वाहतूक कोंडी कमी व्हावी यासाठी पुढील काही वर्षे निधीचा एक भाग राखून ठेवायचा, असे समितीने ठरवले आहे. हा पैसा थेट कामांना न देता संशोधनाला द्यावा आणि त्या संशोधनाच्या केंद्रस्थानी समन्याय, म्हणजे सुधारणांचा लाभ सर्व थरांतल्या प्रवाशांना न्याय्यपणे मिळणे, असावा, असा प्रस्ताव आता चर्चेत आहे. त्यावरून समितीत दोन तट पडले आहेत. कोंडीची कारणे जगजाहीर आहेत, तेव्हा अभ्यासात वेळ दवडण्यापेक्षा चौक सुधारावेत आणि सिग्नल अद्ययावत करावेत, असे काहींना वाटते. आजवरच्या सुधारणांचा लाभ ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांनाच मिळाला, असे इतरांचे म्हणणे आहे. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. मात्र कोंडी कमी करणे आणि समन्याय साधणे ही दोन वेगळी उद्दिष्टे आहेत की एकच, हे मला समितीसमोर नीट मांडता येत नाही. या क्षेत्रातल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मार्गस्थ

वाहतूक नियोजनात काम करत असल्यामुळे सविस्तर लिहितो. माझ्या मते ही उद्दिष्टे वेगळी काढताच येत नाहीत, कारण कोंडी मोजण्याची जी पद्धत रूढ आहे तिच्यातच विषमता मुरलेली आहे.

एखाद्या चौकातला सिग्नल घ्या. त्याच्या वेळा ठरवताना सर्वसाधारणपणे एका वाहनाला सरासरी किती सेकंद थांबावे लागते हे पाहिले जाते. या हिशेबात पन्नास प्रवाशांची बस आणि एकटा चालक बसलेली मोटार यांचे वजन सारखेच. पदपथाच्या कडेला खोळंबलेल्या माणसांचा विलंब तर बहुतेक वेळा कोठे नोंदलाच जात नाही. रस्ता ओलांडायला किती वेळ द्यायचा हे ठरवताना अनेक ठिकाणी चालण्याचा वेग सेकंदाला सुमारे १.२ मीटर धरतात, म्हणजे १८ मीटर रुंदीच्या रस्त्याला १५ सेकंद. सेकंदाला ०.८ मीटर चालणारी वृद्ध व्यक्ती तेवढ्या वेळात १२ मीटरवर पोहोचते, आणि उरलेले ६ मीटर तिला सुटलेल्या गाड्यांसमोरून काढावे लागतात. कागदावर मात्र त्या चौकाची कार्यक्षमता उत्तम दिसते.

आता याच गणिताचा कोंडीशी संबंध पाहा. खासगी मोटारींनी भरलेल्या शहरी रस्त्याची एक मार्गिका तासाला साधारण ६०० ते १,६०० माणसे वाहून नेते. तीच मार्गिका बससाठी राखून ठेवली आणि बस वारंवार सोडल्या, तर हा आकडा ४,००० ते ८,००० पर्यंत जातो. वाहनाऐवजी माणसाचा विलंब मोजायला सुरुवात केली की कोणता उपाय आधी हाती घ्यावा याचा क्रम बदलतो, आणि हा बदललेला क्रम बसने आणि पायी जाणाऱ्यांच्या हिताचा असतो. समन्यायाचा प्रश्न मोजमापापासूनच सुरू होतो, तो असा.

रस्ते रुंद करण्याच्या मार्गाबद्दलही सांगायला हवे. जिल्स द्युरांतोन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली अमेरिकी महानगरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महामार्गांच्या मार्गिका जितक्या टक्क्यांनी वाढल्या, जवळपास तितक्याच टक्क्यांनी वाहनांनी कापलेले अंतरही वाढले, असे त्यांना आढळले. रस्ता मोकळा झाला की प्रवास सोपा होतो, आणि सोपा झाला की अधिक लोक गाडी बाहेर काढतात. ‘कारणे जगजाहीर आहेत’ असे म्हणणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनी हा निष्कर्ष अवश्य विचारात घ्यावा, कारण जगजाहीर वाटणारा उपायच इथे तोकडा पडलेला आहे.

ताळेबंद

मार्गस्थ यांनी उल्लेखलेल्या अभ्यासाची दुसरी बाजू सांगितली नाही तर समितीचा गैरसमज होईल. सार्वजनिक वाहतूक वाढवल्याने वाहनांनी कापलेले एकूण अंतर कमी होते, असाही पुरावा त्या अभ्यासात मिळाला नव्हता. बसमध्ये गेलेल्या माणसाने रिकामी केलेली जागा दुसरा चालक भरून काढतो. म्हणूनच ‘समन्यायी वाहतूक केली की कोंडी आपोआप सुटते’ असे आश्वासन देऊन निधी मागणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मी संशोधनाच्या विरोधात नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब तपासणे हे माझे काम आहे, आणि कपाटात पडून राहिलेल्या अहवालांवर किती खर्च होतो ते मी जवळून पाहिले आहे.

मार्गस्थ

आक्षेप रास्त आहे आणि मला तो मान्य आहे. त्यावरचे सर्वांत चांगले उत्तर स्टॉकहोमने दिले, कारण तिथे धोरणाची चाचणी आणि संशोधन ही एकच गोष्ट होती. ऑगस्ट २००५ मध्ये तिथे जादा बससेवा सुरू झाली आणि कोंडी शुल्काला, म्हणजे शहराच्या मध्यभागात ये-जा करणाऱ्या वाहनांकडून घेतल्या जाणाऱ्या पैशाला, मात्र जानेवारी २००६ मध्ये सुरुवात झाली. मधल्या काळात केवळ बस वाढल्याने मोटारींची संख्या फारशी हलली नाही, म्हणजे ताळेबंद यांचा मुद्दा तिथेही खरा ठरला. शुल्क लागू होताच मात्र शहराच्या मध्यभागाची हद्द ओलांडणारी वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. जुलैअखेर चाचणी थांबली तेव्हा बरीचशी वाहतूक परतली. त्यानंतर सप्टेंबरमध्ये शहरात सार्वमत झाले, त्यात शुल्काच्या बाजूने कौल मिळाला आणि ऑगस्ट २००७ पासून ते कायमचे झाले. चाचणीपूर्वी जनमत बऱ्याच अंशी विरोधात होते. प्रत्यक्ष परिणाम अनुभवल्यावर ते बदलले.

इथे समन्यायाचा अभ्यास का निर्णायक ठरतो, तेही पाहावे. कोंडी शुल्क गरिबांवर अन्याय करते हा नेहमीचा आक्षेप आहे, आणि काही शहरांच्या रचनेत तो खराही ठरू शकतो. स्टॉकहोममध्ये कोण किती भरतो याचे विश्लेषण झाले तेव्हा जास्त उत्पन्न असलेले आणि शहराच्या मध्यभागी राहणारे लोक अधिक शुल्क भरतात असे दिसले. मात्र जमा झालेला पैसा कशावर खर्च होतो यावर अंतिम न्याय्यता मोठ्या प्रमाणावर अवलंबून असते, हेही त्यातून पुढे आले. बससेवेवर खर्च झाला तर एक चित्र, करसवलतीत गेला तर दुसरेच. प्रत्येक शहराला हा हिशेब स्वतःचा करावा लागतो, आणि तो करायला पैसा लागतो.

गणती

मी घरोघर प्रवास सर्वेक्षण करणाऱ्या गटात काम करते, म्हणून एका अडचणीकडे लक्ष वेधते. वरची सगळी चर्चा आकडेवारीवर उभी आहे, आणि ती आकडेवारीच अनेकांना वगळून तयार होते.

एखादी बाई सकाळी मुलाला शाळेत सोडते, तिथून कामाला जाते, परतताना सासूबाईंची औषधे घेते, भाजी घेते आणि मुलाला घेऊन घरी येते. सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये ‘प्रवासाचा मुख्य हेतू’ असा एकच रकाना असला, तर तिची ही पूर्ण साखळी ‘काम’ या एका शब्दात मिटते. मधले पायी टप्पे लहान म्हणून गाळले जातात. माद्रिदच्या संशोधक इनेस सांचेझ दे मादारियागा यांनी दुसऱ्याची काळजी घेण्यासाठी होणाऱ्या अशा प्रवासाची स्वतंत्र मोजदाद व्हावी ही मांडणी केली, कारण विखुरलेल्या रकान्यांत तो दिसतच नाही. जो प्रवास दिसत नाही त्याच्यासाठी बसचा मार्ग आखला जात नाही, आणि ज्या कुटुंबाला परवडते ते शेवटी गाडी घेते. मग तीच गाडी आपल्याला शाळेसमोरच्या कोंडीत दिसते.

अलीकडे मोबाइलच्या स्थाननोंदींवरून सर्वेक्षण स्वस्तात उरकण्याकडे कल आहे. त्या नोंदी उपयुक्त आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, जे एकच फोन घरात वाटून वापरतात, किंवा जे डेटा संपला म्हणून तो बंद ठेवतात, ते त्यातून गळतात. शिवाय प्रवास का टाळला, हे कोणतीही स्थाननोंद सांगू शकत नाही. रात्रपाळी संपल्यावर बस नाही म्हणून नोकरी नाकारणाऱ्या माणसाची कुठेच नोंद होत नाही, कारण त्याने प्रवासच केलेला नसतो. आपल्या न्यासाने एकाच गोष्टीला पैसा द्यायचा असेल, तर या गळलेल्या माणसांच्या गणतीला द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हे काम वेळखाऊ असते, प्रश्न लोकांच्या भाषेत विचारावे लागतात, त्यांच्या वेळेचा मोबदला द्यावा लागतो, आणि म्हणून नेमक्या याच खर्चाला सर्वांत आधी कात्री लागते.

उत्तरायण

आपणा सर्वांचा अत्यंत आभारी आहे. गणती यांचा मुद्दा मी समितीत सर्वप्रथम मांडणार आहे. आता एकच विचारतो. संशोधनाचा अहवाल कपाटात पडू नये यासाठी अनुदानाच्या अटींत काय लिहावे?

ताळेबंद

अटी मोजक्या पण काटेकोर ठेवाव्यात. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची अट अशी की उपाय राबवणाऱ्या यंत्रणेने काम सुरू होण्यापूर्वीच लेखी सहभाग द्यावा आणि कोणत्या निष्कर्षानंतर कोणता निर्णय बदलेल हे आधी नमूद करावे. ती तयार नसेल तर अनुदान देऊ नये. पूर्वस्थितीची मोजणी उपायापूर्वीच पूर्ण व्हावी, कारण नंतर ती कोणालाही करता येत नाही. सिग्नल यंत्रणा किंवा प्रणाली विकणाऱ्याकडे तिच्या मूल्यमापनाचे काम सोपवू नये. माणसांची ओळख काढून टाकलेली आकडेवारी सर्वांना खुली असावी, आणि उपाय फसला तरी निष्कर्ष प्रसिद्ध करणे बंधनकारक असावे.

मूल्यमापनाचा कालावधी लांब ठेवण्याचा आग्रह धरा. लंडनने फेब्रुवारी २००३ मध्ये कोंडी शुल्क सुरू केले तेव्हा पहिल्या काळात कोंडी सुमारे ३० टक्क्यांनी घटली होती. काही वर्षांनी वाहनांची संख्या कमीच राहिली, तरी विलंब मात्र पूर्वीच्या पातळीवर आला. रस्त्यांची खोदकामे वाढली होती आणि रस्त्याची काही जागा पादचारी, बस व सायकलींना दिली गेली होती. फक्त पहिल्या वर्षाचे आकडे पाहणाऱ्याला योजना सफल दिसली असती, फक्त नंतरचा विलंब पाहणाऱ्याला विफल, आणि दोघांनाही खरे कारण कळले नसते. म्हणून किमान पाच वर्षांच्या मोजणीची तरतूद सुरुवातीलाच करून ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी.

न्यासाचा निधी कायम पुरणार नाही, हेही लक्षात घ्यावे. अमेरिकेत राज्यांना मिळणाऱ्या प्रमुख संघीय महामार्ग निधीतील २ टक्के रक्कम नियोजन व संशोधनासाठी राखली जाते आणि तिच्यातील किमान एक चतुर्थांश रक्कम संशोधनावर खर्च करावी लागते. बांधकामाच्या पैशातूनच संशोधनाचा वाटा बाजूला काढण्याची ही पद्धत मला सर्वांत टिकाऊ वाटते. आपल्या अनुदानाने पहिल्या दोन-तीन प्रकल्पांची मोजणी करून द्यावी, आणि त्यानंतरच्या निविदांत मोजणीचा खर्च यंत्रणेने स्वतः धरावा, अशी अट करारातच घालून घ्यावी. करारनाम्याचा मसुदा तयार झाला की इथे टाका, मी कलमे तपासून देईन.